आधी किल्ली, मग गाडी: पुण्यात नव्याने कार लावणाऱ्यांसाठी

साधारण पंधरा वर्षांपूर्वी, दिवाळीच्या आधीच्या रविवारी, नारायण पेठेत मी माझ्या पांढऱ्या हॅचबॅकचं दार उघडलं, आत बसलो, किल्ली फिरवली, इंजिन चालू झालं आणि मग लक्षात आलं की डॅशबोर्डवरचा गणपती जागेवर नाही. तिथे साईबाबा होते. गाडी माझी नव्हतीच. माझी चार गाड्या पुढे उभी होती. दोन्ही जुन्या, एकाच बनावटीच्या, दोन्हींची कुलपं झिजलेली, आणि माझी झिजलेली किल्ली दोन्हींना चालत होती. घाईघाईने गाडी बंद केली, दार लोटलं आणि कोणी पाहिलं तर नाही ना म्हणून इकडेतिकडे बघितलं. लक्ष्मी रस्ता शंभर पावलांवर, आकाशकंदील घ्यायला लोटलेली गर्दी, समोर चहाची टपरी. कोणीही पाहिलं नव्हतं.

तेव्हापासून ‘वर्दळीच्या जागी लावा, काही होत नाही’ हा सल्ला मी देत नाही. जो माणूस किल्लीने दार उघडतो त्याच्याकडे कोणी बघत नाही. म्हणून गाडी चोरीपासून कशी जपायची यावरचा हा लेख कुलपांपासून सुरू न करता किल्लीपासून सुरू करतोय. नोकरीसाठी पुण्यात आलात, खराडीला नाहीतर वाकडला फ्लॅट घेतलात, किंवा पेठेतल्या जुन्या इमारतीत भाड्याने राहताय आणि गाडी रस्त्यावरच लावावी लागते, तर पुढचं सगळं क्रमाने करून टाका. दोन शनिवार पुरतील.

पहिली पायरी: किल्ल्या मोजा

नव्या गाडीबरोबर दोन किल्ल्या मिळतात. दोन्ही आत्ता कुठे आहेत? एक खिशात असेल. दुसरी बहुतेक घरांत चपलांच्या कपाटावरच्या वाडग्यात, दार उघडल्याबरोबर दिसेल अशी पडलेली असते. ती तिथून उचलून कपाटात, कुलपात ठेवा. गाडीच्या डॅशबोर्डमधल्या खणात दुसरी किल्ली ठेवणारे लोकही मी पाहिलेत. त्यांना काय म्हणावं ते कळत नाही.

आता तिसऱ्या हातांचा हिशेब. पुण्यातल्या सोसायट्यांत सकाळी सहाला बादली-फडकं घेऊन गाड्या पुसणारा येतो. बाहेरून रोज, आतून आठवड्यातून एकदा. आतून पुसायचं म्हणून किल्ली त्याच्याकडे, किंवा वॉचमनच्या केबिनमध्ये. एकदा आमच्या केबिनमध्ये डोकावलो तर खिळ्याला एक जुडगा लटकत होता, चौदा किल्ल्या, आणि प्रत्येकीला दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी: विंग, फ्लॅट नंबर, गाडीचा रंगसुद्धा. पुसणारा माणूस प्रामाणिकच होता, आजही तोच येतो. पण त्या खिळ्याला कुलूप नव्हतं. उपाय सोपा आहे. आतली सफाई रविवारी, तुम्ही खाली उभे असताना. पाच मिनिटं जातात, तेवढ्यात शेजाऱ्यांशी बोलणं होतं.

गॅरेजवाला घरून गाडी घेऊन जाणार असेल तर जुडग्यातून फक्त गाडीची किल्ली काढून द्या. घराची, लॉकरची, ऑफिसची नको. हॉटेलात किंवा मंगल कार्यालयात व्हॅलेला देतानाही तेच. टोकन घ्या आणि किलोमीटरच्या आकड्याचा मोबाइलवर फोटो काढा. टोकनाच्या मागे ‘वाहन मालकाच्या जबाबदारीवर’ असं छापलेलं असतं, त्याला घाबरून गप्प बसायचं कारण नाही. व्हॅलेकडे दिलेली गाडी हॉटेलच्या निष्काळजीपणामुळे चोरीला गेली तर त्या छापील ओळीआड लपता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये एका हॉटेलच्या प्रकरणात स्पष्ट केलंय. टोकन मात्र जपून ठेवा, गाडी दिल्याचा पुरावा तेवढाच असतो.

जुनी गाडी घेतली असेल तर हा भाग जास्त मन लावून करा. विकणाऱ्याकडून दोन्ही किल्ल्या मागा. ‘एक हरवली’ असं उत्तर आलं तर किंमत कमी करून घ्या आणि त्या पैशात अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये किल्ल्यांचं कोडिंग नव्याने करून घ्या. गाडी विकायची, त्यात आधीच जीपीएस दडवून ठेवायचा, आणि मग तिसऱ्या किल्लीने तीच गाडी परत उचलायची, असे प्रकार देशात पकडले गेले आहेत. दोन्ही किल्ल्या हातात आल्या तरी तिसरी नाही हे कसं कळणार? नव्याने कोडिंग केल्यावर जुनी किल्ली दार उघडू शकेल, इंजिन चालू करू शकणार नाही.

चिपची किल्ली आणि स्टीलचा डबा

माझा नारायण पेठेतला पराक्रम आजच्या गाडीत जमणार नाही. किल्लीच्या प्लॅस्टिकमध्ये एक बारीक चिप असते, गाडीचा संगणक तिची ओळख पटवतो आणि मगच इंजिनाला परवानगी देतो. याला इमोबिलायझर म्हणतात. त्यामुळे वायर जोडून गाडी चालू करणं हे आता सिनेमापुरतं उरलंय.

चोरही शिकले. दोन रीती माहीत असाव्यात. पहिली अशी की बाजूची छोटी त्रिकोणी काच फोडायची, आत शिरायचं, स्टिअरिंगखाली जिथे मेकॅनिक आपलं स्कॅनर जोडतो त्या ओबीडी पोर्टला यंत्र लावायचं आणि कोरी किल्ली गाडीला ‘आपली’ म्हणून ओळखायला लावायची. दुसरी रीत बटणवाल्या, म्हणजे किल्ली खिशात असली तरी दार उघडणाऱ्या गाड्यांसाठी. एक जण तुमच्या दाराजवळ अँटेना घेऊन उभा राहतो, दुसरा गाडीजवळ. घरातल्या किल्लीचा क्षीण सिग्नल पहिला उचलतो, दुसऱ्याकडे पोचवतो. गाडीला वाटतं मालक आला. तळमजल्यावर राहणाऱ्यांना आणि रो-हाऊसवाल्यांना याचा धोका जास्त, सातव्या मजल्यावर राहत असाल तर कमी.

दुसऱ्या रीतीवरचा उपाय स्वयंपाकघरात आहे. घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा घ्या, किल्ली आत टाका, झाकण लावा आणि डबा घेऊन गाडीपाशी जा. दाराच्या हँडलला हात लावा. उघडलं तर डबा बाद, दुसरा घ्या. आमच्याकडे पहिले दोन डबे नापास झाले. तिसरा, चकलीचा, पास झाला. झाकण किती घट्ट बसतं यावर सगळं आहे, त्यामुळे धातूच्या जाळीच्या तयार पाकिटालासुद्धा हीच परीक्षा द्यायला लावा. दर काही महिन्यांनी परत, कारण पाकिटाची आतली जाळी घडीवर तुटते. काही गाड्यांत किल्ली खिशात असताना दार उघडण्याची ही सोयच बटणांनी तात्पुरती बंद करता येते, गाडीच्या पुस्तिकेत बघा.

आणि रिमोटने लॉक केल्यावर हँडल ओढून बघायची सवय. रिमोटचा सिग्नल जवळपास कोणी दाबून टाकला असेल, किंवा नुसतं एक दार नीट लागलं नसेल. ओढून बघितल्याशिवाय कळत नाही.

दुसरी पायरी: जागा

पुण्यात गाडी लावायला जागा मिळाली की माणसाला इतका आनंद होतो की ती जागा कशी आहे ते बघायचं राहून जातं. थांबा, तीन गोष्टी बघा. वर दिवा आहे का, आणि तो रात्री लागतो का. समोरच्या दुकानाचा कॅमेरा गाडीकडे बघतोय का, की स्वतःच्या शटरकडे. आणि क्रेनला किंवा टेम्पोला गाडी सरळ ओढून नेता येईल का. शेवटच्यासाठी भिंतीकडे तोंड करून, चाकं पूर्ण एका बाजूला वळवून, गिअरमध्ये टाकून आणि हँडब्रेक ओढून लावा. वळलेली चाकं आणि स्टिअरिंगचं मूळ लॉक एकत्र आलं की गाडी ढकलून रस्त्यावर काढणं जिकिरीचं होतं.

मंडईजवळ मिनर्व्हा आणि आर्यन, नारायण पेठेत हमालवाडा, अशा महापालिकेच्या पार्किंगमध्ये थोडे पैसे भरून लावणं मी रस्त्यापेक्षा पसंत करतो, विशेषतः खरेदीच्या दिवशी. पावती गाडीत ठेवू नका, खिशात ठेवा. पावती दाखवून गाडी बाहेर काढायची असते आणि ती डॅशबोर्डवर सोडणं म्हणजे चोराला फाटकाचा परवाना देणं.

नदीपात्रातली जागा मोकळी आणि मोहक दिसते. जून ते सप्टेंबर तिथे रात्रभर गाडी ठेवू नका. खडकवासल्यातून विसर्ग वाढला की भिडे पूल पाण्याखाली जातो आणि पात्रातल्या गाड्याही. यात चोराचा काही संबंध नाही, पण सकाळी जागेवर गाडी नसण्याचं ते एक कारण आहे.

पेठांमध्ये कोणाच्या दारासमोर लावू नका. ‘येथे गाडी लावल्यास हवा सोडली जाईल’ ही पाटी पुण्यात विनोद म्हणून लिहिलेली नसते.

एकाच जागी दिवसच्या दिवस सोडलेली गाडी लांबून ओळखू येते. काचेवर धुळीचा थर, वायपरखाली क्लासच्या जाहिराती, बॉनेटवर झाडाचा पाला, आणि कुठल्यातरी पोराने बोटाने लिहिलेलं ‘मला धुवा’. मालक गावाला गेलाय याची ती जाहिरातच. मे महिन्यात आणि दिवाळीत अर्धं पुणं कोकणात नाहीतर देशावर असतं. शेजाऱ्याला सांगा की दोन-तीन दिवसांनी कागद काढ, फडकं मार. किल्ली त्यालाही द्यायची गरज नाही.

कव्हर घालावं का, हा नेहमीचा प्रश्न. माझं मत: सोसायटीच्या आवारात जरूर, रस्त्यावर नको. कव्हरमुळे आत काय आहे ते दिसत नाही हे खरं, पण कव्हरखाली कोणी काय करतंय तेही दिसत नाही.

तिसरी पायरी: दिसणारं कुलूप

कुठलंही कुलूप तुटतं. प्रश्न वेळेचा आणि आवाजाचा असतो. चोर रांगेतल्या पाच गाड्यांकडे बघतो आणि सर्वांत कमी कटकटीची निवडतो. म्हणून पहिलं कुलूप काचेतून दिसलं पाहिजे. स्टिअरिंगवर आडवा बसणारा जाड दांडा घ्या, शक्यतो भडक पिवळा किंवा लाल. पेडलला अडकवायचा आकडाही चालतो. हलके, पोकळ नळीचे दांडे घेऊ नका, हातात तोलून बघा. नाना पेठेत गाड्यांच्या सामानाची दुकानं लागून लागून आहेत, तिथे चार प्रकार हाताळून घेता येतात. मी ऑनलाइन मागवलेला पहिला दांडा माझ्या स्टिअरिंगला बसलाच नाही.

गिअर लॉक हा माझा आवडता. गाडी रिव्हर्समध्ये टाकायची, लॉक लावायचं, झालं. नवी किल्ली कोड करून आत बसलेला चोरसुद्धा मग फार तर मागे मागे जाऊ शकतो. बसवणाऱ्याने गाडीच्या सांगाड्याला पक्का बसवलाय ना ते बघा, नुसत्या प्लॅस्टिकला नव्हे. ऑटोमॅटिक गाडीसाठी वेगळा येतो.

पुण्यातल्या माणसाला जॅमर माहीत असतो, नो पार्किंगमध्ये लावली की वाहतूक पोलीस चाकाला घालतात तो. तसाच स्वतःसाठीही विकत मिळतो. रोज घालायला जड, पण महिनाभर परदेशी चालला असाल तर उत्तम.

पौड रस्त्यावर, वेताळ टेकडीच्या अंगाला ‘एआरएआय’ ही वाहनांची चाचणी घेणारी संस्था आहे, जिच्या नावाने पुणेकर त्या टेकडीलाच ओळखतात. तिने मान्य केलेलं चोरीविरोधी उपकरण बसवून त्याचं प्रमाणपत्र ऑटोमोबाइल असोसिएशनकडून घेतलं, तर विम्याच्या स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यात २.५ टक्के, जास्तीत जास्त ५०० रुपये, सवलतीची तरतूद दरपत्रकात आहे. रक्कम छोटी आहे. पाचशे रुपयांसाठी कोणी उपकरण बसवत नाही, पण बसवलंच असेल तर एजंटला विचारा. तो आपणहून सांगणार नाही.

चौथी पायरी: न दिसणारं कुलूप

इथे जरा थांबतो, कारण फुकटात होणारं सगळ्यात चांगलं काम याच पायरीत आहे. पेट्रोल गाडीच्या फ्यूज बॉक्समध्ये इंधन पंपाचा एक फ्यूज किंवा रिले असतो. कुठला ते झाकणाच्या आतल्या बाजूला छापलेलं असतं, नाहीतर पुस्तिकेत असतं. चार दिवस गावाला जाताना तो चिमट्याने काढून खिशात ठेवा. स्टार्टर फिरेल, इंजिन पकडणार नाही. आत बसलेल्या चोराला वाटेल गाडी बिघडलेली आहे. पहिल्यांदा मेकॅनिकसमोर करून बघा, म्हणजे चुकून एअरबॅगचा फ्यूज हातात यायचा नाही.

हेच काम बटणाने करायचं म्हणजे गुप्त स्विच. चांगला इलेक्ट्रिशियन दीड-दोन तासांत बसवतो. दोन अटी: स्विचची जागा तुम्ही सांगायची, त्याने नेहमी बसवायच्या जागी नको, आणि गाडी वॉरंटीत असेल तर वायर कापण्याआधी सर्व्हिस सेंटरला विचारायचं. कापलेल्या वायरीवरून वॉरंटी नाकारल्याची भांडणं मी ऐकलेली आहेत.

बॅटरीची ऋण तार सोडून जाणारेही आहेत. जुन्या गाडीत ठीक. नव्यात मात्र अलार्मही मुका होतो आणि परत आल्यावर काचा, घड्याळ सगळं नव्याने लावत बसावं लागतं.

जीपीएसबद्दल लोकांच्या अपेक्षा फार असतात. तो चोरी थांबवत नाही, चोरीनंतर शोधायला मदत करतो. ओबीडी पोर्टला खोचायचा प्रकार बसवायला सोपा, म्हणून चोराला काढायलाही सोपा. वायरीला जोडलेला, स्वतःची छोटी बॅटरी असलेला, डॅशबोर्डच्या आत खोल दडवलेला घ्या. त्यातल्या सिमची मुदत संपण्याची तारीख मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये टाका, कारण बंद पडलेले ट्रॅकर पुण्यात चालू ट्रॅकरांपेक्षा जास्त असावेत असा मला दाट संशय आहे. आणि दोन मजली तळघरात सिग्नल पोचत नाही, त्यामुळे रात्री ‘गाडी कुठे दिसत नाही’ म्हणून घाबरू नका. सीटच्या शिवणीत लपवलेली ब्लूटूथची बिल्लीसुद्धा (टॅग) स्वस्तात उपयोगी पडते. मात्र काही मोबाइल ‘अनोळखी बिल्ली तुमच्याबरोबर फिरतेय’ असा इशारा देतात, म्हणजे चोरालाही तो मिळू शकतो.

पाचवी पायरी: गाडी तिथेच, आतलं गेलं

सबंध गाडी जाण्यापेक्षा काच फोडून बॅग जाणं कितीतरी सोपं. पहाटे तळजाईला किंवा वेताळ टेकडीवर फिरायला जाणारे, सिंहगडाच्या पायथ्याशी गाडी लावून वर चढणारे, म्हात्रे पुलापासून राजाराम पुलाकडे जाणाऱ्या डीपी रस्त्यावरच्या लॉन्समध्ये लग्नाला आलेले, ही सगळी ठरावीक गिऱ्हाइकं. दोन तास मालक येणार नाही हे कपड्यांवरूनच कळतं.

सामान डिकीत ठेवायचं असेल तर घरून निघतानाच ठेवा. तिथे पोचल्यावर, उतरून, लॅपटॉपची बॅग मागच्या सीटवरून डिकीत हलवताना बघणारा बघतोच. चार्जरची वायर आणि मोबाइलचा स्टँडसुद्धा काढा. नुसती वायर पाहून काच फोडली गेली आणि आत काही मिळालं नाही, तरी काचेचा खर्च तुमचाच.

एक जुनी युक्ती अजून चालते. सिग्नलला किंवा एटीएमबाहेर कोणीतरी काचेवर टकटक करून सांगतो, ‘साहेब, ऑइल गळतंय’, किंवा ‘तुमच्या नोटा पडल्या’. तुम्ही उतरता, पलीकडचं दार उघडतं, बॅग जाते. ऑइल गळू दे. दारं लॉक ठेवा, पुढच्या पेट्रोल पंपावर जाऊन बघा.

बाहेरच्या वस्तूंबद्दल थोडक्यात. भारी चाकं असतील तर प्रत्येक चाकाला एक वेगळ्या खाचेचा नट लावा, त्याचा पाना गाडीत न ठेवता घरी. गाडीच्या पोटाखाली लटकणाऱ्या स्टेपनीला साखळी. आणि व्हॅनसारखी उंच गाडी असेल तर सायलेन्सर. मारुतीच्या इको व्हॅनचे सायलेन्सर पुणे जिल्ह्यात मधल्या काळात बरेच चोरीला गेले. धूर शुद्ध करणाऱ्या भागात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम हे धातू असतात, चोराला सायलेन्सर नको असतो, या धातूंची आतली माती हवी असते. खालून लोखंडी जाळी बसवून मिळते.

कोयते घेऊन रांगेतल्या गाड्यांच्या काचा फोडत जाणाऱ्या टोळक्यांवर यातलं एकही कुलूप चालत नाही. त्याला उत्तर फक्त विमा.

सहावी पायरी: कागद

थर्ड पार्टी विम्यात चोरीचा एक रुपयाही मिळत नाही. कॉम्प्रिहेन्सिव्ह हवा, त्यात चोरीही येते आणि हेतुपुरस्सर केलेली तोडफोडही. मिळणारी रक्कम म्हणजे पॉलिसीवरचा आयडीव्ही, म्हणजे घसारा वजा करून धरलेली गाडीची किंमत. गाडी तीन वर्षांच्या पुढे आणि चारच्या आत असेल तर ठरलेल्या तक्त्याप्रमाणे ४० टक्के घसारा, म्हणजे दहा लाखांच्या गाडीचे सहा. हप्ता कमी दिसावा म्हणून आयडीव्ही खाली खेचणारा एजंट तुमचं भलं करत नसतो. नव्या गाडीला ‘रिटर्न टू इनव्हॉइस’ हे जास्तीचं कलम घेतलंत तर बिलाची किंमत मिळते. पहिली दोन-तीन वर्षं ते मला परवडणारं वाटतं.

आता किल्लीकडे परत. आमच्या मजल्यावरच्या काकांची गाडी गेली तेव्हा दावा भरायला मी त्यांच्याबरोबर गेलो होतो. विमा कंपनीच्या सर्व्हेअरने सगळे कागद बघितले आणि हात पुढे केला: ‘दोन्ही किल्ल्या?’ काकांनी एक काढली. दुसरी दोन वर्षांपूर्वी गणपती विसर्जनाच्या गर्दीत हरवली होती, आणि तेव्हा त्यांनी कुठेही तक्रार केली नव्हती. मग पत्रं, खुलासे, प्रतिज्ञापत्र. पैसे शेवटी मिळाले, पण सात महिने आणि काकांची झोप गेली. किल्ली हरवली तर त्याच आठवड्यात पोलिसांच्या संकेतस्थळावर हरवल्याची नोंद करा, तिची प्रत ठेवा, आणि सर्व्हिस सेंटरमध्ये ती किल्ली गाडीच्या यादीतून काढून टाका.

मूळ आरसी घरी ठेवा. डिजिलॉकर किंवा एमपरिवहनमधली प्रत रस्त्यावर चालते. चासी नंबर, इंजिन नंबर, पॉलिसी, चारही बाजूंनी गाडीचे फोटो आणि दारावरचा तो जुना ओरखडा, हे सगळं मोबाइलच्या एका फोल्डरमध्ये, आणि घरातल्या आणखी एका माणसाकडे. एप्रिल २०१९ नंतरच्या गाड्यांना सुरक्षित नंबरप्लेट येतेच. जुनीला लावली नसेल तर लावून घ्या. तिच्यावर लेसरने कोरलेला क्रमांक असतो आणि ती एकदाच बसणाऱ्या लॉकने बसवतात, काढायला गेलं की लॉक तुटतो.

आणि सकाळी गाडी जागेवर नसली तर

आधी टपरीवाल्याला विचारा. खरंच. पुण्यात नाहीशी झालेली गाडी बऱ्याचदा वाहतूक पोलिसांच्या क्रेनवर गेलेली असते. सम-विषम तारखेप्रमाणे पार्किंगची बाजू बदलणाऱ्या रस्त्यावर रात्री बारानंतर तारीख बदलते हे माणूस विसरतो. ई-चलन आलंय का बघा, जवळच्या वाहतूक विभागाला फोन करा. माझ्या मेहुण्याने गाडी चोरीला गेल्याचं सगळ्या नातेवाइकांना कळवलं आणि मग ती विभागाच्या आवारात दंडासह सापडली.

तिथेही नसेल तर पोलिसांना ११२ वर फोन. नंबर, रंग, ठिकाण, शेवटची कधी पाहिली, फास्टॅग आहे की नाही. पहिल्या तासात नाकाबंदीला उपयोग होतो, दुपारी नाही. मग लगेच पोलीस ठाणं. नव्याने आलेल्यांचा इथे गोंधळ होतो: हिंजवडी, वाकड, चाकण हे पिंपरी-चिंचवड आयुक्तालयात, जे २०१८ मध्ये वेगळं झालं, खराडी, कोथरूड, हडपसर पुणे शहरात, बाहेरचा बराच भाग ग्रामीण पोलिसांकडे. हद्द चुकली तरी गुन्हा नोंदवायला नकार देता येत नाही. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे कुठल्याही ठाण्यात ‘झिरो’ एफआयआर होतो, आणि प्रत फुकट मिळते. चोरीचं कलम आता ३०३, भारतीय न्याय संहितेचं. नुसत्या ‘हरवल्याची नोंद’ घेऊन परत येऊ नका, विमा कंपनी ती मानत नाही.

फास्टॅग लगेच बंद करू नका. खेड शिवापूर, पाटस, तळेगाव यांपैकी कुठल्या नाक्यावर पैसे कापल्याचा मेसेज आला तर तो तिथल्या तिथे पोलिसांना दाखवा. कुठलं ई-चलन पडलं तरी तसंच. ट्रॅकरवर गाडी दिसली तर स्वतः मित्रांना घेऊन निघू नका. पोलिसांना थेट लोकेशन पाठवा. सोसायटीच्या आणि समोरच्या दुकानाच्या कॅमेऱ्याचं चित्रण त्याच दिवशी मागा, कारण बहुतेक यंत्रं काही आठवड्यांत जुन्यावर नवं लिहितात.

विमा कंपनीला त्याच दिवशी फोन आणि ईमेल दोन्ही. थोडा उशीर झाला तरी हातपाय गाळू नका: एफआयआर लगेच केला असेल तर केवळ कंपनीला उशिरा कळवलं म्हणून दावा नाकारता येत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये दिलाय. आरटीओला लेखी कळवा. मग वाट बघायची ती ‘अ समरी’ची. महाराष्ट्रात गुन्हा खरा पण तपास लागला नाही, असा अहवाल पोलीस न्यायालयात देतात, त्याला हे नाव. तो मिळाल्याशिवाय दावा सहसा पुढे सरकत नाही. ठाण्यात दर पंधरा दिवसांनी तोंड दाखवून या, चिडून नाही, फाइल नंबर हातात घेऊन.

गाडी सापडली तर ती मुद्देमाल म्हणून ठाण्याच्या आवारात उभी राहते आणि कोर्टाच्या आदेशानेच ताब्यात मिळते. वकिलामार्फत लवकर अर्ज करा, नाहीतर पावसाळा तिच्यावरून जातो. ताब्यात घेताना बंधपत्रावर सही करण्याआधी फिरून फोटो काढा, चासी नंबर ताडून बघा, डिकीतली स्टेपनी आणि जॅक मोजा. आणि घरी न्यायच्या आधी सरळ सर्व्हिस सेंटरला न्या. तुमच्या दोन किल्ल्या ठेवून बाकी सगळ्या त्यांना पुसायला सांगा, कारण मधल्या काळात तिची किल्ली कोणाकोणाच्या खिशात होती ते तुम्हाला माहीत नाही.